अठ्ठावन्नच्या पुढे

जिन्यातला दिवा राहू दे लागलेला. आणि अंकुश, तो तुझा बोलका डबा आधी खाली घरी ठेवून ये. हसू नकोस. ठेवून ये, मग सांगतो.

हं. बसा आता.

आपल्या बिल्डिंगीत तळमजल्यावर वैशालीताई राहायच्या, त्यांचा भाऊ सुगत कुणाला आठवतो? सुगत खिल्लारे. उंच, सावळा, बोलायला एकदम मऊ. मूळचा परभणीकडचा. बहिणीकडे राहायचा आणि नेरूळच्या एका दुकानात कामाला जायचा. काम काय, तर लोकांच्या घरातले दिवे, पंखे, पडदे यंत्राला जोडून द्यायचे. माणसानं तोंडानं सांगायचं, घरानं ऐकायचं. त्यातही याचा हात बसला होता एका गोष्टीत. यंत्राला कंपनीनं शिकवलेले हुकूम सोडून, ज्याला जसा हवा तसा हुकूम हा बसवून द्यायचा. कस्टम कमांड म्हणतात त्याला. आपल्या बोलीतला शब्द पाच वेळा यंत्राला ऐकवायचा आणि त्यावर काय व्हायला हवं ते मोबाईलमध्ये ठरवायचं. बस.

हे सगळं त्यानं मला इथेच गच्चीवर, या टाकीला टेकून सांगितलंय. माझ्या पदरचं त्यात काही नाही.

ऑगस्टातली दुपार. सुगत नेरूळच्या एका जुन्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर गेला. घर नंदकुमार खानविलकरांचं. पोर्टाच्या कचेरीतून रिटायर झालेले, सदुसष्ट वय, अंगानं शिडशिडीत. त्यांची बायको वैदेही. त्यांनी त्याच सोसायटीत बावीस वर्षं बालवाडी चालवली होती. दहा महिन्यांपूर्वी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डोकं शाबूत, समजत सगळं होतं, पण शब्द तोंडापर्यंत येईना. मुलगी क्षिप्रा ऑस्ट्रेलियात. तिनं तिकडून पैसे पाठवून हे यंत्र मागवलं होतं. आईला पडल्या पडल्या दिवा लावता यावा, पंखा बंद करता यावा, बाबांना दर वेळी उठावं लागू नये, एवढाच हेतू.

"काकू, दिवा म्हणा," सुगत म्हणाला.

"इवा."

"चालेल. इवा तर इवा. यंत्राला काय, तुम्ही म्हणाल तो दिवा."

कॉटच्या डोक्याशी भिंतीवर ऐकणारी चकती चिकटवली आणि पाच वेळा म्हणवून घेतलं. इवा. दिवा लागला. काकूंच्या चेहऱ्याची डावी बाजू हसली. मग पंख्याचं 'अंका' झालं, पडद्याचं 'अदा' झालं. नंदकुमारांनी चहा टाकला. बऱ्याच दिवसांनी त्या घरात कुणी मोठ्यानं बोलत होतं.

अडलं ते एका हुकमापाशी. नंदकुमार रात्री हॉलमध्ये सोफ्यावर झोपायचे, काकू आत हॉस्पिटलच्या कॉटवर. काकूंचा आवाज इतका बारीक झाला होता की हॉलपर्यंत धड पोचतच नसे. त्यांनी हाक मारली की हॉलमधल्या स्पीकरनं घंटा वाजवून सांगायला हवं होतं, "वैदेही बोलावतेय." पण हाक काय ठेवायची? काकू त्यांना 'अहो' म्हणायच्या. आता त्याचं नुसतं 'ओ' उरलं होतं. आणि 'ओ'वर यंत्र फसायचं. खाली रिक्षाचा हॉर्न वाजला तरी घंटा.

"थोडं लांब काहीतरी पाहिजे, काकू. दोन-तीन शब्दांचं."

काकूंनी डोळे मिटले. बराच वेळ गेला. आणि मग, एकही अक्षर न तुटता, स्वच्छ...

"एक, दोन, तीन."

नंदकुमारांच्या हातातली बशी कलंडली. दहा महिन्यांत त्यांनी बायकोच्या तोंडून पुरा शब्द ऐकला नव्हता. डॉक्टरांनी नंतर समजावलं की असं होतं, जन्मभर घोकलेलं असतं ते कधी कधी शाबूत राहतं. दहापर्यंत येईल, त्याच्या पुढे जमायचं नाही म्हणाले. पण त्या दुपारी ते दोघं रडले, आणि सुगत मोबाईलकडे बघत बसला. काकूंची हाक ठरली. एक, दोन, तीन.

सुगत मला म्हणाला होता, "तात्या, माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम होतं ते."

पुढे काय झालं, ते समजून घ्या. कुणाला नावं ठेवायची घाई करू नका.

काकूंना रात्री झोप येत नसे. कूस बदलून हवी असायची. घसा सुकायचा. कधी कधी काहीच नको असायचं, नुसती भीती वाटायची. एक, दोन, तीन. घंटा. वैदेही बोलावतेय. नंदकुमार उठायचे. पाठ टेकली की पुन्हा. रात्रीतून वीस वेळा, तीस वेळा. दिवसा बाई यायची, पण रात्रीची बाई टिकेना. ऑगस्ट गेला, दिवाळी गेली. नंदकुमारांचे डोळे खोल गेले. एकदा दूध गॅसवर ठेवून उभ्या उभ्या झोपले आणि भांडं जळालं.

सतरा डिसेंबर, मंगळवार. संध्याकाळी ते दुकानात आले. काउंटरला धरून उभे राहिले.

"सुगत, बाळा, ती हाक रात्रीपुरती बंद ठेवता येते का?"

"येते काका. पण काकूंना काही लागलं तर?"

"एक रात्र. मला फक्त एक रात्र झोप हवी आहे. उद्या परत चालू कर. मी तिचं सगळं करूनच झोपेन. पाणी, औषध, सगळं." मग खाली बघत म्हणाले, "तिला नको सांगू."

सुगतनं त्यांच्यासमोर मोबाईल काढला. त्या एका रात्रीपुरती, दहा ते सकाळी सहा, हाक बंद. बोटानं एक खूण केली, झालं. घरचे दिवे-पंखे चालू, यंत्राचे कान चालू, फक्त घंटा वाजणार नव्हती.

अठराला सकाळी पावणेसातला फोन आला. "सुगत, ती गेली."

सुगत स्टेशनवर उभा होता. गाडी आली, गेली. त्याला एक गोष्ट माहीत होती, जी नंदकुमारांना माहीत नसावी असं त्याला वाटत होतं. यंत्रानं हुकूम पाळला नाही तरी जे ऐकलं ते लिहून ठेवलेलं असतं, वेळेसकट. त्या घराचं यंत्र अजून त्याच्या मोबाईललाही जोडलेलं होतं. त्यानं ती यादी उघडली.

दहा चाळीस. एक दोन तीन.

दहा बेचाळीस. एक दोन तीन.

असं एकोणीस वेळा. मग बारा वाजून सहा मिनिटांनी... चार.

मग पाच. मग सहा.

दहाच्या पुढे जमणार नाही म्हणाले होते ना डॉक्टर? अकरा आलं. बारा आलं. मध्ये पाच-पाच, दहा-दहा मिनिटं गेलेली. 'सतरा' यायला तर वीस मिनिटं लागली. ती बाई अंधारात एकेक आकडा शोधून काढत होती, रे. कुणीतरी येईल म्हणून. शेवटची नोंद चार वाजून बारा मिनिटांची.

अठ्ठावन्न.

सुगतनं यादी बंद केली. स्मशानात गेला, खांदा दिला. कुणाला काही बोलला नाही.

जानेवारीची वीस तारीख, सोमवार. रात्री नऊच्या सुमारास नंदकुमारांचा फोन. "येऊन जा जरा. यंत्र बिघडलंय."

सुगत गेला. घर अंधारलेलं. हॉलमध्ये एकच दिवा. आतल्या खोलीचं दार उघडं, आत कॉट तशीच, वर नुसती गादी. नंदकुमार सोफ्यावर बसलेले. निम्मे झाले होते.

"काय बिघडलंय, काका?"

"बैस. दहा चाळीसला कळेल."

बसले दोघं. खालच्या रस्त्यावर एखादी गाडी जायची तेवढाच आवाज. सुगतनं विचारलं जेवलात का, ते मान हलवत राहिले. हो की नाही ते कळेना.

दहा चाळीस.

हॉलमधली घंटा वाजली. वैदेही बोलावतेय.

सुगत दचकला, पण तोंडानं म्हणाला, "शेजारच्या टीव्हीचा आवाज पकडत असेल." मोबाईल उघडला. आतल्या खोलीत यंत्रानं काहीतरी ऐकलं होतं. एक दोन तीन नव्हतं ते.

ब्याण्णव.

"मागे जा," नंदकुमार म्हणाले.

तो मागे गेला. एकोणीस जानेवारी, दहा चाळीस, एक्क्याण्णव. अठरा जानेवारी, नव्वद. रोज एक. एकही रात्र सुटलेली नाही. बोट सरकवत सरकवत तो अठरा डिसेंबरपर्यंत पोचला. ज्या दिवशी तिला जाळून आले, त्या रात्रीची नोंद.

एकोणसाठ.

सुगत उठला. आत गेला. कॉटच्या डोक्याशी भिंतीवर चिकटवलेली ती ऐकणारी चकती ओढून काढली, तिची बॅटरी काढली. मोबाईलमधून काकूंचे सगळे हुकूम एकेक करून पुसले. इवा पुसलं. अंका पुसलं.  बॅटरी खिशात टाकून तो बाहेर आला.

"झालं, काका. आता नाही यायचं काही."

नंदकुमार हसले. "उद्या बघ."

दुसऱ्या रात्री सुगत बहिणीच्या घरी जेवून उठला होता. दहा चाळीसला खिशात मोबाईल थरथरला.

त्र्याण्णव.

बॅटरी त्याच्या पँटच्या खिशातच होती.

त्यानं लगेच फोन लावला. "काका, मी उद्या येऊन सगळं खोलून नेतो. तुम्ही चार दिवस आमच्याकडे राहायला या. ताई आहे, काही अडचण नाही."

"नको. मोजू दे तिला."

"काका..."

"सुगत, तुला वाटतं मला यादी माहीत नाही? मी बघितली. त्याच दिवशी बघितली." थांबले. श्वास ऐकू येत होता. "पण यादीत नाही ते सांगू? मला जाग आली होती. दार उघडं होतं, सगळीकडे सामसूम. ती वीस म्हणाली तेव्हा मी जागा होतो. एकवीस ऐकलं. बावीस ऐकलं. मला वाटलं, पाच मिनिटं पडतो आणि उठतो. अंग इतकं जड झालं होतं रे... पाच मिनिटंच म्हटलं होतं मी."

सुगतनं मोबाईल कानाला आणखी घट्ट लावला.

"तिच्या बालवाडीत पोरं लपाछपी खेळायची," नंदकुमार म्हणाले. "राज्य हिच्यावर. भिंतीकडे तोंड करून ही मोजायची. तू पण खेळला असशील लहानपणी. शंभर झाल्यावर काय करतात, ठाऊक आहे ना?"

आणि फोन ठेवला.

सुगतनं मेलबर्नला क्षिप्राला कळवलं. बाबा एकटे आहेत, तब्येत बरी दिसत नाही, एवढंच. दुसरं काय सांगणार? तिनं दोन फेब्रुवारीचं तिकीट काढलं.

अठ्ठावीस जानेवारीला शंभर भरत होते.

मंगळवार. पौषातली अमावास्या संध्याकाळीच लागली होती. सुगतनं ठरवलं होतं की आठ वाजताच जाऊन काकांजवळ बसायचं. रात्रभर बसायचं. पण तो मला म्हणाला, "तात्या, पाय निघेना." इथल्या आपल्या खांदेश्वरच्या फलाटावर बसून राहिला. एक गाडी सोडली. दुसरी सोडली. नऊ वाजले, साडेनऊ झाले. शेवटी स्वतःला शिवी घालून चढला. नेरूळला उतरला आणि पळत सुटला.

सोसायटीत पोचला तेव्हा दहा सदतीस. लिफ्ट वर अडकलेली. चार मजले धावत चढला.

बेल वाजवली. दार वाजवलं.

"काका! मी सुगत. दार उघडा."

आतून आवाज आला. अगदी दाराजवळून नाही, सोफ्याच्या अंगानं. शांत आवाज.

"सुगत, तू घरी जा."

"दार उघडा काका. फक्त दार उघडा, मी काही बोलत नाही."

"तुझी काही चूक नाही, बाळा. मी सांगितलं, तू केलंस. तिलाही मी सांगेन तसं."

"काका, उठा. उठा आणि कडी काढा!"

"नाही उठत." मग थोड्या वेळानं, "त्या दिवशीही नाही उठलो."

सुगतनं दाराला खांदा लावला. दार जाड, जुनं सागवानी. हललंसुद्धा नाही. त्यानं समोरची बेल दाबली. कुणी येईना. हातातल्या मोबाईलवर आकडे बदलले.

दहा चाळीस.

आत घंटा वाजली. वैदेही बोलावतेय.

एकदा.

मग शांत.

सुगतनं दाराला कान लावला. आत पंखा फिरत होता. तो थांबला. कुणी थांबवला, देव जाणे. आता काहीच ऐकू येत नव्हतं. स्वतःचा श्वाससुद्धा त्यानं धरला.

मोबाईलवर अजून काही उमटलं नव्हतं.

आणि मग त्यानं ऐकलं. मोबाईलमधून नाही. स्पीकरमधूनही नाही, स्पीकरचा आवाज त्याला ओळखता येत होता, रोजचं काम होतं त्याचं. आतल्या खोलीतून. बारीक. पण स्वच्छ. एकही अक्षर न तुटता.

"शंभर."

नंदकुमार काहीतरी म्हणाले. एकच शब्द. 'ये' असेल. 'नको' असेल. सुगतला सांगता आलं नाही.

मग एक आवाज... जमिनीवरून काहीतरी ओढल्यासारखा. थांबून. पुन्हा ओढल्यासारखा. थांबून.

जवळ येत होता.

सुगत दारापासून मागे सरला. जिन्याच्या कठड्याला पाठ लागली. तो आवाज थांबला. त्यानंतर काही नाही. किती वेळ, त्याला माहीत नाही.

समोरच्या बाईंनी दार उघडलं तेव्हा तो खाली बसलेला होता. वॉचमन वर आला. सेक्रेटरीकडे जादा किल्ली होती, पण आतून कडी. कडी तोडेपर्यंत सव्वाअकरा झाले.

नंदकुमार सोफ्यावर बसलेले होते. मान किंचित वर, कुणीतरी समोर उभं राहिल्यावर बसल्या जागेवरून बघावं तशी. डोळे उघडे. अंग अजून कोमट होतं. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं लिहिलं, आणि त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. सदुसष्ट वय, महिनोन्‌महिने झोप नाही. असं होतं.

क्षिप्रा ठरल्यापेक्षा आधी आली. महिन्याभरात घर विकून टाकलं तिनं. सुगतनं दुकान सोडलं. मोबाईल खाडीत टाकला म्हणतात, मला माहीत नाही. दोन महिने इथेच होता. रात्री गच्चीवर माझ्याजवळ येऊन बसायचा. मी त्याला म्हटलं, अरे, त्यांनी तुला माफ केलं होतं, दारातून बोललेच ना तसं. तो म्हणाला, "काका बोलले, तात्या. काकू नाही बोलल्या." मग परभणीला निघून गेला. वैशालीताईंनीही जागा सोडली. तिकडे तो शेतावर राहतो, वीज घेतलेली नाही त्यानं खोपटात. मी एकदा जाऊन आलो. ओळख दिली, पण बोलला नाही. अंधार पडायला लागल्यावर माझ्या आधी तोच उठून आत गेला आणि कडी लावून घेतली.

जायच्या आदल्या रात्री त्यानं मला एक गोष्ट सांगितली होती. पोलिसांना सांगितली नव्हती, क्षिप्रालाही नाही.

कडी तुटली तेव्हा सगळे सोफ्याकडे धावले. सुगत मात्र दारातच उभा राहिला, म्हणून त्याला ते दिसलं. पुढच्या पाच मिनिटांत लोकांच्या पायांखाली ते पुसून गेलं. फरशीवर पांढरी पावडर होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला लावतात ना, तसली. आतल्या खोलीतल्या कॉटपासून सोफ्यापर्यंत. डाव्या पायाचं पाऊल, लहान, अनवाणी, पाचही बोटं उमटलेलं. आणि प्रत्येक पावलाच्या शेजारी उजव्या बाजूनं एक लांब, फरफटत आलेली रेघ.

कॉटपासून सोफ्यापर्यंत. परत गेलेलं एकही पाऊल नव्हतं.